बंबाचं बिल कोणाच्या नावे?

मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक आणि मुख्याधिकारी,
ओझर नगरपरिषद, ता. निफाड, जि. नाशिक



डिसेंबर २०२५ मध्ये ओझरकरांनी नगरपरिषदेसाठी पहिल्यांदा मतदान केलं आणि तुम्हाला निवडून दिलं. रस्ता, गटार, पाणी, घंटागाडी यांच्या मागण्यांचे अर्ज एव्हाना तुमच्या टेबलावर साचले असतील. माझी मागणी त्या जातीची नाही. तिला निधी लागत नाही, झालाच तर तिच्यातून थोडा निधी येईल. म्हणूनच कदाचित ती कोणी केलेली नसावी.

मागणी अशी: महामार्गावर टँकर उलटला, गोदाम पेटलं, कुठे रसायन सांडलं, तर ते आवरताना नगरपरिषदेचा जो जास्तीचा खर्च होतो तो ज्याच्या धंद्यामुळे आणि निष्काळजीपणामुळे झाला त्याच्याकडून वसूल करा. तसा ठराव करा. आणि ठरावाच्याही आधी, उद्यापासून, तो खर्च लिहायला लागा.

आपलं गाव कुठे वसलंय ते तुम्हाला मी सांगायला नको. मधून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून पेट्रोल-डिझेल भरून नाशिककडे निघालेले टँकर याच रस्त्याने येतात. उसाच्या आसवनींमधून तेल कंपन्यांकडे जाणारं इथेनॉल असतं, गॅसचे बुलेट टँकर असतात, आणि काय भरलंय हे ज्यांच्या मागच्या पाटीवरून धड वाचता येत नाही अशी वाहनंही असतात. खाली बाणगंगा. एका बाजूला एचएएल, धावपट्टी, हवाई दलाचं ठाणं. आजूबाजूला द्राक्षांची पॅकहाउसं, खोक्यांची आणि क्रेटची गोदामं, शीतगृहं. यातली प्रत्येक गोष्ट गावाला रोजगार देते, त्याबद्दल तक्रार नाही. पण यातली प्रत्येक गोष्ट एखाद्या रात्री आपल्याला झोपेतून उठवूही शकते.

संकट वरूनही येतं. २७ जून २०१८ ला पिंपळगावजवळ वावी-ठुशीला सुखोई पडलं. ४ जून २०२४ ला शिरसगावच्या शेतात दुसरं पडलं. दोन्ही वेळा वैमानिक सुखरूप उतरले, ही देवाची कृपा. अशा वेळी आधी धावतात ती आसपासची माणसं, मग पोलीस, मग बंब. विमान केंद्राचं, चौकशी केंद्राची. शेत मात्र निफाड तालुक्यातलं, आणि धावपळ इथल्या यंत्रणेची.

आता जरा बंबापाशी या. साधारण पाच हजार लिटरचा बंब धरा. मिनिटाला पाचशे लिटरने पाणी मारलं तर दहा मिनिटांत टाकी कोरडी. मग पाण्याच्या टँकरची साखळी लावायची, विहीर नाहीतर हायड्रंट शोधायचा. आग पेट्रोल-डिझेलची असेल तर नुसत्या पाण्याने ती विझत नाही, पसरते. फोम लागतो. तीन टक्क्यांचा फोम म्हटला तर पाच हजार लिटर मिश्रणात दीडशे लिटर मूळ द्रव जातो, म्हणजे वीस लिटरचे साडेसात कॅन, एका फेरीत. इथेनॉल असेल तर साधा फोम त्यावर टिकतच नाही. अल्कोहोलला दाद न देणारा वेगळा फोम आणावा लागतो आणि तो महाग असतो. आग विझली की होज रस्त्यावर पसरून धुवायचे, वाळवायचे, काचांनी कापलेले बाजूला काढायचे. पंप तासन्‌तास चाललेला असतो, त्याचं डिझेल वेगळं. आणि बंब इथे अडकलेला असताना दुसरीकडे कोणाचं घर पेटलं तर काय, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसत नाही.

हा सगळा खर्च शेवटी जातो कुठे? आपल्या घरपट्टीत. बंब ओझरचा असो, पिंपळगावचा असो की नाशिक महापालिकेचा, कुठल्या तरी गावाची घरपट्टी त्यात जळते. टँकर परराज्यातला, मालक तिसऱ्याच शहरातला, माल चौथ्याचा. विमा कंपनी टँकरवाल्याला टँकरचे पैसे देते, मालवाल्याला मालाचे देते. टँकर उभा करणाऱ्या क्रेनवाल्याचे पैसेही कोणीतरी रोख मोजतं. फोमचे पैसे मात्र कोणी मागतच नाही, म्हणून कोणी देत नाही.

जिल्ह्यातलंच मोठं उदाहरण घ्या. इगतपुरी तालुक्यात मुंढेगावला जिंदाल पॉलिफिल्म्सच्या कारखान्यात १ जानेवारी २०२३ ला स्फोट होऊन आग लागली. कामगारांचे जीव गेले, कित्येक जण भाजले. मे २०२५ मध्ये त्याच कारखान्यात पुन्हा आग लागली. या वेळी ती विझायला काही दिवस लागले, गॅसच्या टाकीच्या भीतीने आसपासच्या वस्त्या हलवाव्या लागल्या, ठिकठिकाणचे बंब येऊन उभे राहिले. दोष कोणाचा हे ठरवणारा मी कोण? ते चौकशीचं काम आहे. माझा मुद्दा फक्त पैशाचा, आणि तोही कारखान्याला तोशीस पडेल इतका मोठा नाही. एवढ्या दिवसांचं पाणी, फोम, डिझेल, माणसांचे तास यांचा एक कागद प्रत्येक गावच्या दप्तरात असायला हवा. कागदच नसेल तर न्यायाधीश तरी काय वाचणार?

कायदाच नाही, असं तुम्हाला कोणी सांगेल. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा २०१० चा. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नुकसानभरपाई कशाकशाची मागता येते याची यादी आहे. मृत्यू, अपंगत्व, बुडालेली मजुरी, औषधपाणी, खाजगी मालमत्ता. आणि त्याच यादीत, बाधित लोकांना मदत आणि पुनर्वसन पुरवताना सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने केलेला खर्च. स्थानिक प्राधिकरण म्हणजे तुम्ही. अर्ज कोण करू शकतो त्या कलमातही स्थानिक प्राधिकरणाचा उल्लेख आहे. मुदत पाच वर्षांची. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्याला बसतं, दिल्लीला जायचं काम नाही. आणि अपघाताच्या बाबतीत कंपनीची चूक सिद्ध करत बसावं लागत नाही. धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यावर जबाबदारी आपोआप येते. १९८५ साली दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व घालून दिलं, आणि या कायद्याने ते उचललं.

याची मर्यादाही सांगतो, नाहीतर तुमचा वकील सांगेल. हा रस्ता पर्यावरणाच्या हानीचा आणि धोकादायक पदार्थांच्या अपघाताचा आहे. डिझेल बाणगंगेत उतरलं, वायू गळला, तर तो उघडा आहे. खोक्यांचं साधं गोदाम जळलं तर तिथे जाऊन उपयोग नाही.

दुसरा रस्ता विम्याचा. मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणे धोकादायक माल वाहणाऱ्या गाडीला नेहमीच्या तृतीय पक्ष विम्याबरोबर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालचीही पॉलिसी लागते. म्हणजे रस्त्यावर आडव्या पडलेल्या त्या टँकरच्या नावावर बहुधा दोन पॉलिसी असतात. १९९१ चा कायदा जखमींसाठी आणि मालमत्तेसाठी आहे, बंबाच्या खर्चाचं नाव त्यात थेट येत नाही, हे खरं. पण रस्त्याकडेचे आपले दिवे, गटारं, झाडं, जलवाहिनी जळाली-मोडली तर ती मालमत्ता कोणाची? तिचा दावा नगरपरिषदेने करायचा नाही तर कोणी करायचा? नेहमीचा पंचनामा आठवा: गाडीचा नंबर, चालकाचं नाव, मयत, जखमी. त्यात पॉलिसीचा क्रमांक आणि नगरपरिषदेचं नुकसान अशा दोन ओळी वाढवायला किती वेळ लागतो?

वसुली होते का, तर होते. ४ ऑगस्ट २०११ ला मुंबईच्या किनाऱ्याजवळ ‘राक’ नावाचं कोळशाचं जहाज बुडालं आणि तेल समुद्रात पसरलं. हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित परदेशी कंपनीला १०० कोटी आणि ज्यांचा कोळसा होता त्या अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी भरायला सांगितलं. मालवाल्यालाही सोडलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. विशाखापट्टणमला ७ मे २०२० ला वायुगळती झाली तेव्हा तर दुसऱ्याच दिवशी न्यायाधिकरणाने कंपनीला ५० कोटी आधी जमा करायला लावले. उलटं उदाहरण भोपाळचं. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. नंतर सरकारला ती अपुरी वाटली, आणखी रक्कम मागितली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. हिशेब उशिरा काढला की असं होतं, मग मागणारं सरकार का असेना.

अमेरिकेत विषारी कचऱ्याच्या कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन एक छोटी सोय झाली. रसायनाच्या अपघाताला धावलेल्या गावाला एका घटनेमागे २५ हजार डॉलरपर्यंत केंद्राकडून परत मागता येतात. अट अशी की आधी जबाबदार पक्षाकडून, विम्याकडून मागून पाहिलेलं असलं पाहिजे. रक्कम मोठी नाही, पण अट मला आवडली. आधी ज्याने केलं त्याचा दरवाजा वाजवा, मग आमच्याकडे या.

त्याच अमेरिकेतला एक प्रकार मात्र वाचून अंगावर काटा येतो. २०१० साली टेनेसी राज्यात साउथ फुल्टन नावाच्या गावच्या बंबवाल्यांनी हद्दीबाहेरचं एक घर डोळ्यांदेखत जळू दिलं, कारण त्या घरमालकाने वर्षाची ७५ डॉलर फी भरलेली नव्हती. बंब तिथे पोचलाही होता; शेजाऱ्याने फी भरली होती म्हणून त्याच्या बाजूला पाणी मारलं. आणखी काही शहरांनी साध्या मोटार अपघातांची बिलं लावायला सुरुवात केली, तेव्हा लोक आणि विमा कंपन्या दोघेही उठले आणि काही राज्यांनी अशी वसुली कायद्यानेच बंद केली. हे दोन्ही ओझरला नको.

म्हणून ठरावाचं पहिलं वाक्य असं असावं: १०१ वर फोन आला की पैशाचा विषय काढायचा नाही. ना फोनवर, ना घटनास्थळी. घर, झोपडी, छोटं दुकान, चाऱ्याची गंजी, कांदाचाळ, द्राक्षबाग, विहिरीत पडलेलं जनावर, बाणगंगेचा पूर, पडलेली वीज: बिल नाही. यासाठीच तर कर भरतो. बंब दारात उभा असणं, त्याची माणसं, त्यांचा पगार हे कराचं काम. बिल त्याच्या वरच्या खर्चाचं, तेही व्यवसायाला, आणि नियम मोडल्याचं दिसल्यावरच. तारा लोंबकळून ठिणगी पडली आणि उभा ऊस पेटला, तर बिल शेतकऱ्याला नाही. तारांची देखभाल ज्याच्याकडे त्याला. मग ते सरकारी का असेना. सरकारी खात्याला बिल पाठवायला हात थरथरणार असतील तर खाजगी गोदामवाल्याला पाठवायचा नैतिक अधिकार आपल्याला राहत नाही.

नियम मोडला की नाही हे कसं ठरवायचं? २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहेच. इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ‘नमुना ब’, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, मालकाने किंवा भोगवटादाराने द्यायचं असतं. गोदाम जळालं आणि जुलैचं प्रमाणपत्रच आलेलं नव्हतं, तर बाकी युक्तिवादाची फारशी गरज नाही. पण त्यासाठी जुलैत ते आलं की नाही हे कोणीतरी पाहिलेलं पाहिजे, आणि ते पाहणं तुमच्याकडे आहे. इथे नगरपरिषदच झोपलेली असेल तर न्यायालयात पहिला प्रश्न तुम्हालाच येईल.

महामार्गाचं वेगळं आहे. पिंपळगावला टोल घेतला जातो. त्या पैशात क्रेन येते, रुग्णवाहिका येते, १०३३ ची हेल्पलाइन आहे. पण गाडीतून धूर निघाला की फोन जातो तो १०१ ला. महामार्ग प्राधिकरणाशी लेखी बोला: महामार्गावरच्या प्रत्येक वर्दीमागे ठरलेली रक्कम द्या, नाहीतर वर्षाला फोमचा साठा तरी भरून द्या. एचएएलशीही बोला. त्यांचं स्वतःचं अग्निशमन दल आहे, त्यातली माणसं तयारीची आहेत. तिथे बिलाची भाषा नको, कराराची हवी: कोण कधी येणार, कोणाचं सामान वापरलं तर कोण भरून देणार. शेजाऱ्याशी आधी ठरलेलं असलं की आगीपुढे वाद होत नाहीत.

आता सर्वांत नाजूक जागा, माफीची. क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे पैसे मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे चौदा कोटींच्या वर थकले होते. वसुली तर दूरच. २०२३ मध्ये राज्य सरकारने बंदोबस्ताचे दरच उतरवले, तेही २०११ पासून मागे जाऊन. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यावर सरकारला चांगलंच धारेवर धरलं. दर ठरवणारा, बिल पाठवणारा आणि माफ करणारा एकच असला की असंच होणार. आपल्याकडे तर सगळे सगळ्यांना ओळखतात. गोदामवाला कोणाचा तरी मेहुणा असतो, टँकरवाला कोणाच्या तरी पक्षाचा. तेव्हा दरपत्रक वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत ठरू द्या आणि नगरपरिषदेच्या भिंतीवर लावा. बिल मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने जाऊ द्या. माफी द्यायचीच असेल तर ती फक्त सभेने द्यावी, कारण लिहून, आणि कोण बाजूने होतं कोण विरोधात हे इतिवृत्तात नोंदवून. बिल चुकीचं वाटलं तर दाद मागायची सोयही हवी. नाहीतर हीच तरतूद एखाद्याला छळायला वापरली जाईल, आणि तसं करणारेही गावात कमी नाहीत. वसूल झालेला पैसा सामान्य खात्यात मिसळू नका. फोम, होज, श्वसनयंत्र, जवानांचं प्रशिक्षण, एवढ्यासाठीच वेगळं शीर्ष ठेवा. स्वागतकमानीवर खर्च झाला तर पुढचं बिल कोणी भरणार नाही, आणि मीही त्याला भर म्हणणार नाही.

यासाठी उपविधी करावा लागेल, वरून मंजुरी आणावी लागेल, त्यात महिने जातील. ते जाऊ द्या. नोंदीला मंजुरी लागत नाही.

मोजून घ्यायचं आणि मोजून भरायचं, हे ओझरला दुसऱ्या कोणी शिकवावं अशी वेळ नाही. वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्था कोणी उभ्या केल्या? बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने, याच गावातून. कालव्याचं पाणी घनमापाने घ्यायचं, संस्थेने शेतकऱ्यांकडून पाणीपट्टी गोळा करायची आणि पाटबंधारे खात्याला भरायची, हे इथल्या शेतकऱ्यांनी करून दाखवलं. त्यांनाही आधी लोक हसलेच असणार. पण मोजमाप दोघांसमोर असलं की भांडण आकड्यावर होतं, माणसावर होत नाही. ज्या गावाने कालव्याचं पाणी मोजलं त्याला बंबाचं पाणी मोजता येऊ नये?

मला हवं आहे ते एक रजिस्टर. प्रत्येक वर्दीला एक पान. वर्दी किती वाजता आली, बंब किती वाजता निघाला, पोचला, परतला. किती किलोमीटर, पंप किती तास. पाण्याच्या किती फेऱ्या आणि कुठून. फोमचे किती कॅन आणि कुठल्या जातीचे. किती होज निकामी. किती माणसं, त्यातली किती रात्रपाळी करून पुन्हा थांबलेली. वाहन असेल तर नंबर, मालक, माल कोणाचा, पॉलिसी कोणती. इमारत असेल तर ‘नमुना ब’ कधीचा. खाली बंबप्रमुखाची आणि घटनास्थळी असलेल्या पोलिसाची सही. पानाचा फोटो त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांकडे. चारा जळाला तरी पान भरायचं; बिल जाणार नसलं तरी खर्च काय झाला हे गावाला कळलं पाहिजे. वर्षअखेरीला ती पानं अर्थसंकल्पाच्या सभेत ठेवा. पुढच्या वर्षी फोम किती घ्यायचा हे मग अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. एवढ्यासाठी कोणी समिती नेमू नये, ही दुसरी. सभेला मी प्रेक्षकांत असेन. रजिस्टरचा नमुना दोन पानांवर आखून तयार ठेवला आहे, तो मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात या आठवड्यात देतो. त्यात रकाने कमी-जास्त करायचे ते बंबावर काम करणाऱ्यांना विचारून करावेत, मला विचारून नव्हे.

कळावे,

आपला,
ओझरचा एक करदाता

प्रत माहितीसाठी: मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, नाशिक. मुंढेगावला धावलेल्या प्रत्येक गावाकडून असंच एकेक पान आपण मागवावं, एवढीच आपल्याकडे मागणी.